वरच्या मजल्यावरची भाषा

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या तिसऱ्या सीझनमधला तो सीन आठवतोय? २०१३ सालचा. उन्हात तापलेलं शहर, गुलामांचा बाजार आणि एक माजोरडा व्यापारी. समोर उभ्या असलेल्या डेनेरिसला तो त्याच्या भाषेत मनसोक्त शिव्या घालतोय. मधली दुभाषी पोरगी बिचारी शिव्या गाळून उरलेला मजकूर तेवढा सभ्य शब्दांत तिच्यापर्यंत पोचवतेय. आपण सोफ्यावर बसून चडफडतोय, की अगं बाई, तुला कळत कसं नाही! सौदा पूर्ण होतो, आणि बाईसाहेब अस्खलित व्हॅलिरियनमध्ये सुरू होतात. तिची मातृभाषाच ती! म्हणजे पहिल्यापासून सगळ्या शिव्या तिला शब्दन्‌शब्द कळत होत्या. त्या व्यापाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण फार वेळ बघायला मिळत नाही. लगेच त्याचा कोळसा होतो.

ही 'हाय व्हॅलिरियन' भाषा डेव्हिड पीटरसन नावाच्या माणसानं बसवली. मूळ कादंबऱ्यांत तिचे चार-दोन शब्द होते. पीटरसननं तिला व्याकरण दिलं, विभक्त्या दिल्या, हजारो शब्द दिले. २०१७ मध्ये 'ड्युओलिंगो'वर तिचा चक्क कोर्स आला. ज्या साम्राज्याचं अस्तित्वच नव्हतं, त्याच्या सरदारांची भाषा लोक ऑफिसला जाता-येता शिकायला लागले! त्याच्या कितीतरी आधी टोल्कीनसाहेबांनी हाच उद्योग केला होता. त्यांच्या एल्फ मंडळींची 'क्वेन्या' भाषा फिनिश भाषेच्या प्रेमातून जन्मली. ती रोजच्या बोलण्याची नव्हे, तर मंत्र-समारंभ-काव्याची भाषा. आपल्याकडे संस्कृतचं जे स्थान, तेच तिथं क्वेन्याचं.

फँटसी लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे बरोबर ठाऊक असतं. राजवाडा उभा करायचा तर खांब, पडदे आणि सिंहासन पुरत नाही. वरच्या मजल्यावरची माणसं वेगळं बोलली पाहिजेत. खालच्यांना ते कळता कामा नये, निदान कळायला कष्ट तरी पडले पाहिजेत. तेव्हाच तो 'वरचा' मजला.

पण मंडळी, यात अप्रूप वाटायचं आपल्याला कारण नाही. ऑर्डर देऊन दरबारी भाषा तयार करून घ्यायचं काम आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वीच झालंय. आणि ते पीटरसनपेक्षा जास्त अवघड होतं, कारण ते खऱ्या राज्यात चालवून दाखवायचं होतं.

*

६ जून १६७४. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. याच काळात महाराजांनी एक काम रघुनाथपंत हणमंत्यांवर सोपवलं. कारभारात रुजलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश तयार करायचा. त्याचं नाव 'राज्यव्यवहारकोश'. सुमारे चौदाशे शब्द, दहा वर्ग. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. थोडक्यात, सिंहासनापासून बाजारपेठेपर्यंत अख्खं राज्य. आणि हे सगळं पद्यात, म्हणजे कारकुनांना पाठ करायला सोपं! आजच्या भाषेत सांगायचं तर एका नव्या 'ब्रँड'ची पूर्ण शब्दावली. राजा नवा, शक नवा, नाणं नवं, तर मग भाषा जुन्या मालकाची कशाला?

यातली गंमत लक्षात घ्या. तेव्हाची दख्खनमधली 'हाय व्हॅलिरियन' होती फारसी. विजापूर असो, नगर असो की दिल्ली, दरबारात वर चढायचं तर तीच शिडी. त्यामुळे हा कोश वरच्या लोकांची भाषा तर घडवत होताच, पण आधीच्या वरच्या लोकांच्या भाषेला उत्तरही देत होता. पेशवा झाले मुख्य प्रधान, मुजुमदार झाले अमात्य, सुरनीस झाले सचिव, वाकनीस झाले मंत्री, डबीर झाले सुमंत आणि सरनौबत झाले सेनापती. तेव्हा नव्यानं बसवलेल्या पदव्या आजही आपल्याला भेटतात. सेनापती बापट रस्त्यावरच्या चकचकीत टॉवरमध्ये रोज कार्ड पंच करणाऱ्यांनो, तुमच्या पत्त्यातला पहिला शब्द सरनौबतांची जागा घेणारा आहे, बरं का! तो काही कोशात जन्मला नाही, तो जुनाच. पण पदाच्या पाटीवर त्याला आणून बसवलं ते रायगडानं.

आता प्रश्न असा, की प्रयोग यशस्वी झाला का?

इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एक भन्नाट प्रकार केला होता. त्यांनी वेगवेगळ्या काळातली पत्रं घेतली आणि चक्क शब्द मोजले. कॉम्प्युटर नाही, एक्सेल नाही, नुसती चिकाटी. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द निघाले शेकडा १४ च्या आसपास. बाकी सगळी फारसी! १६७७ च्या पत्रात ते शेकडा ६२ वर गेले आणि १७२८ च्या पत्रात ९३ वर. मोजकी पत्रं घेऊन काढलेला हिशेब आहे, तेव्हा त्याला संपूर्ण मराठी कारभाराची जनगणना समजू नये. पण वारा कुठल्या दिशेला वाहत होता, हे त्यातून दिसतं.

आणि तरीही! ज्यांना कोशानं 'प्रधान' केलं, ते पुढे जगभर ओळखले गेले ते 'पेशवे' म्हणूनच. शनिवारवाड्याच्या मुख्य दरवाज्याचं नाव दिल्ली दरवाजा. 'दरवाजा' फारसीच. पेशव्यांच्या खास पागेच्या जागी उभी राहिलेली मुलींची शाळा आजही पुण्यात 'हुजूरपागा' म्हणून ओळखली जाते. एकेका पेठेच्या दारावरच्या पाट्या वाचत जा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, दफ्तरदार, मुजुमदार. आणि पारसनीस! म्हणजे फारसी पत्रव्यवहार सांभाळणारे. ज्यांच्या पूर्वजांनी दरबारी फारसीवर घर चालवलं, त्यांचीच आडनावं आज आपल्याला अस्सल मराठमोळी वाटतात. सगळ्यावर कडी म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. १७१५ च्या सुमारास मराठीत राजनीतीवर 'आज्ञापत्र' लिहिणारा हा मुत्सद्दी. पद 'अमात्य', अगदी कोशातलं. आणि राजाराम महाराजांनी गौरवानं दिलेला किताब काय, तर 'हुकूमतपनाह'!

किल्ल्यांचंही तेच. कोंढाण्याचा सिंहगड झाला, तो लोकांनी उचलला. रायरीचा रायगड झाला, खेळण्याचा विशाळगड झाला, तेही रुळलं. पण तोरण्याचं 'प्रचंडगड' हे नाव? पुढच्या रविवारी ट्रेकला निघताना मित्राला 'प्रचंडगडावर जाऊ' म्हणून बघा. तो आधी गुगल करेल. रोहिड्याला 'विचित्रगड' म्हणणारेही विरळाच. म्हणजे फर्मान काढून शब्द जन्माला घालता येतो, पण तो जगवायचं काम शेवटी भाकरी-पिठलं विकणाऱ्या मावशींच्या हातात. त्यांच्या तोंडी बसला तर तो शब्द, नाहीतर ती नुसती नोंद.

याच्या अगदी उलट टोकाला आपल्या टीव्हीवरच्या ऐतिहासिक मालिका आहेत. तिथले राजे, सरदार, राण्या जे पल्लेदार, तुपात तळलेलं संस्कृतप्रचुर मराठी बोलतात, ते त्या काळी कोण बोलत होतं हो? खरी जुनी पत्रं उघडली तर त्यात मजमून, हुकूम, मुलूख, तजवीज, मर्जी यांची रेलचेल. मालिकेतली भाषा म्हणजे खरी मराठी 'हाय व्हॅलिरियन' आहे. कधीच नसलेल्या दरबाराची, रायटरनं बसवलेली भाषा. ऐकायला भारी वाटते, हे मात्र मान्य.

*

थोडं आणखी मागं जाऊ. फँटसीमध्ये कोणी कुठली भाषा बोलायची, याचे कडक नियम करणारे आपण जगात बहुधा पहिल्या फळीतले. संस्कृत नाटक घ्या. 'शाकुंतल'च घ्या. राजा दुष्यंत बोलतो संस्कृत. कण्व ऋषी संस्कृत. पण शकुंतला? ती नाटकाची हिरॉइन, ऋषीच्या आश्रमात वाढलेली. तरी ती बोलते प्राकृत. तिच्या मैत्रिणी प्राकृत. विदूषक जातीनं ब्राह्मण, पण विनोदी, म्हणून त्यालाही प्राकृतच. त्यातही प्रतवारी होती. गद्य शौरसेनीत, बायकांच्या तोंडची गाणी महाराष्ट्रीत, आणि अगदी खालच्या माणसांना मागधी.

हे दोघं प्रेमात पडतात, गांधर्व विवाह करतात, आणि सगळा वेळ तो एका भाषेत बोलतोय नि ती दुसऱ्या! आणि कोणालाच त्यात काही खटकत नाही. आता त्या नाटकाचा सहावा अंक आठवा. राजाची हरवलेली अंगठी सापडते कोणाला? एका कोळ्याला, माशाच्या पोटात. त्याला चोर समजून शिपाई धरून आणतात. तो मागधीत गयावया करतो. म्हणजे अख्ख्या राज्यात ज्या एका गोष्टीमुळे राजाची स्मृती परत येणार आहे, ती नेमकी सगळ्यात खालची भाषा बोलणाऱ्याच्या हातात असते. कालिदासानं हे मुद्दाम केलं की नाही, ते विद्वान सांगतील. पण मला ही जागा फार आवडते.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं. मराठी संगीत रंगभूमीचा पाया वगैरे आपण शाळेत घोकलंय. पण त्या रात्री घडलेली आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दुष्यंतही मराठीत गायला आणि शकुंतलाही मराठीत! राजाची भाषा आणि आश्रमातल्या मुलीची भाषा एक झाली. शतकानुशतकं राजाच्या वाट्याला न आलेली 'खालची' भाषा, म्हणजे त्या महाराष्ट्रीची पणती, थेट सिंहासनावर जाऊन बसली.

*

पण भाषा जितकी उघडते, तितकीच तिला कुलपं लागण्याची सवय असते.

महानुभावांचं उदाहरण घ्या. तेराव्या शतकात या पंथानं मराठीत लिहिण्याचा आग्रह धरला. संस्कृत जाणणारे पंडित शिष्य असूनही. का, तर साध्या बायाबापड्यांना ज्ञान कळलं पाहिजे म्हणून! आणि पुढे याच पंथानं आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामागे पोथ्या जपण्याची काळजी असेल, छळाची भीती असेल. पण परिणाम असा झाला, की लोकांच्या भाषेतलं साहित्य लोकांनाच सहाशे वर्षं वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या खटपटीतून आणि पंथातल्या काही महंतांच्या मदतीनं ही कुलपं निघाली, तेव्हा कुठे मराठीला आपलं सर्वांत जुनं गद्य परत मिळालं.

मोडीची गोष्ट तर अगदी काल-परवाची. कित्येक शतकं कारभाराचं, सावकारीचं, जमिनीचं सगळं लिखाण मोडीत. हात न उचलता झरझर लिहायची लिपी, कारकुनांसाठी अगदी सोयीची. पण ज्या शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल तो कागद असे, त्याला तो वाचता येत नसे. तो फक्त अंगठा उठवायचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी व्यवहारातून गेली, आणि मग तो कागद कारकुनाच्या नातवालाही वाचता येईना. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगावच्या जुन्या दफ्तरांतले मोडी कागद वाचायला माणसं शोधावी लागली. एका घराण्याच्या नावापुढे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनानं काय लिहिलं, त्यावर आजच्या मुलाचा दाखला ठरणार, आणि ते वाचू शकणारी माणसं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी. वरच्या मजल्याची भाषा म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

*

आता आपल्या घरात येऊ. सॉरी, ऑफिसात.

आमच्या टीममध्ये बीडकडचा एक मुलगा आहे. कोडिंगमध्ये सॉलिड. जॉइन झाला त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये त्यानं विचारलं, 'पानी कुठंय?' टेबलावरून कोणीतरी गमतीत म्हणालं, 'पाणी रे, पाणी!' सगळे हसले. तोही हसला. त्या टेबलावर दुष्ट माणूस एकही नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. पण त्या दिवसापासून तो आमच्याशी इंग्रजीतच बोलायला लागला. मीटिंगमध्ये इंग्रजी, चहाच्या टपरीवर इंग्रजी, 'भूक लागली' हेही इंग्रजीत. आईचा फोन आला की उठून जिन्यात जायचा.

मला आधी वाटलं, स्टाइल मारतोय. एकदा कॅबमध्ये विषय निघाला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, 'इंग्लिशमदी आपन सगळे सारखेच चुकतो ना. मराठीत फक्त मी चुकतो.'

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आपण एरवी काय म्हणतो? इंग्रजी ही एलिटांची भाषा, मराठी ही आपल्या सगळ्यांची. इथं तर नकाशाच उलटा! त्याच्यासाठी वरचा मजला होता तो पुण्याचा मराठी. इंग्रजी हा मागचा जिना होता, जिथून गपचूप वर जाता येतं. यात नवीन काहीच नाही. १८५४ मध्ये आलेल्या 'काव्यफुले'मध्ये सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिल्या, त्या याच हिशेबानं. ज्यांना घरच्या वरच्या मजल्यावर प्रवेश नव्हता, त्यांना परक्याचा दरवाजा आधी उघडा मिळाला. आणि याच पुण्यात जोतीराव फुल्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाच्या चुका विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त काढून दाखवल्या होत्या. मुद्दा काय आहे, यापेक्षा ऱ्हस्व-दीर्घ काय आहे, ही आपली जुनी सवय. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा तिचं निमंत्रण जोतीरावांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांच्या पुस्तकांत आम्ही नाही, त्यांच्या सभेत आम्ही कशाला, हा त्या पत्राचा रोख होता.

आता त्या 'न' आणि 'ण'चा निकाल लावून टाकू. संस्कृतात पाण्याला एक शब्द आहे 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं. त्यात 'न' आहे. प्राकृतात गेल्यावर 'न'चा 'ण' झाला. महाराष्ट्री प्राकृताला तर 'ण'चं भारी वेड. जिथं संस्कृतात 'न', तिथं हिचा 'ण'. म्हणजे कालिदासाच्या नाटकात 'न'ला 'न' म्हणायचा तो राजा, आणि 'न'ला 'ण' म्हणायच्या त्या बायका, दासी, विदूषक. तेव्हा 'ण' ही खालच्या मजल्याची खूण होती! तीच खूण दीड-दोन हजार वर्षांत जिना चढून सदाशिव पेठेत पोचली आणि वरच्या मजल्याची ओळखपाळख झाली. बीडचा मुलगा 'पानी' म्हणतो, तेव्हा तो दुष्यंताच्या बाजूला असतो. हसणारे शकुंतलेच्या मैत्रिणींच्या बाजूला.

म्हणजे अक्षरात काहीच नसतं हो. ते अक्षर कोण उच्चारतंय आणि तो कुठे उभा आहे, यावर ते शुद्ध की गावंढळ ते ठरतं.

प्रमाणभाषेची गरज नाही, असं मी मुळीच म्हणत नाहीये. पाठ्यपुस्तक कुठल्या तरी एका मराठीत लागणारच, कायदा लागणारच. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांनी व्याकरण लिहिलं, तेव्हा छापखान्याला तेच हवं होतं. आणि प्रमाणभाषा मोकळीही होऊ शकते. पूर्वी 'नांव', 'कांहीं' अशी उच्चारात नसलेली टिंबं डोक्यावर घेऊन शब्द फिरायचे. कुठे टिंब द्यायचं, हे माहीत असणं म्हणजे शिकल्याची खूण. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारनं स्वीकारले आणि ती टिंबं गेली. काय बिघडलं? उलट लाखो मुलांच्या वह्यांतली लाल शाई वाचली. सावरकरांनी दिलेले महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, दिग्दर्शक असे शब्द बघा. आज रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळे ते वापरतात, कारण ते उघड्या दारासारखे आहेत. 'दिनांक' कळायला कोणाला शिकवणी लावावी लागत नाही. पण काही सरकारी फॉर्मवर असं मराठी असतं, की ते कळायला शेजारची इंग्रजी ओळ वाचावी लागते. दोन्ही बनवलेलेच शब्द. फरक दाराचा आहे.

आणि हसू नका, आपलीही एक दरबारी भाषा आहेच की! हिंजवडीला जा. तिथं कोणी 'मला वेळ नाही' म्हणत नाही, 'बँडविड्थ नाहीये' म्हणतात. 'आत्ता गप्प बस' याला 'हे ऑफलाइन घेऊ' म्हणतात. 'काढून टाकलं' याला 'राइटसाइझिंग'. रघुनाथपंतांना चौदाशे शब्द लागले, आमच्या एचआरचं शे-दीडशेत भागतं. पण या शब्दांचं काम तेच, म्हणजे नवीन आलेल्याला पहिले सहा महिने आपण अडाणी आहोत असं वाटायला लावणं. सहा महिन्यांनी तोही तेच बोलायला लागतो आणि पुढच्या बॅचकडे तशाच नजरेनं बघतो. 'बाहुबली'वाल्यांनी तरी कमाल केली. २०१५ मध्ये मदन कार्कींकडून नवी 'किलिकी' भाषा बनवून घेतली, पण ती राजघराण्याला दिलीच नाही, शत्रूच्या टोळीला दिली. माहिष्मतीचे राजे आपले प्रेक्षकांच्या भाषेत बोलत राहिले. राजा आपला वाटायचा असेल तर त्याची भाषा कळली पाहिजे, हे त्यांना बरोबर समजलं होतं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, स्टेटस टाकले, छान वाटलं. पण त्या दर्जासाठी जे प्राचीनत्वाचे दाखले पुढे आले, त्यात मानाचं पान कोणाचं होतं? त्याच महाराष्ट्री प्राकृताचं. नाटकातल्या बायकांच्या गाण्यांची ती भाषा. राजा बोलायचा नाही, ती. आपण अभिजात ठरलो, ते खालच्या मजल्याच्या जोरावर.

तेव्हा साधी विनंती. पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कोणी 'पानी' म्हणालं, की त्याला पाणी द्या. जीभ दुरुस्तीला शिवशिवली तर तीच जीभ पाण्याच्या घोटाला लावा. आमच्याकडे सध्या थोडीफार प्रगती आहे. परवा त्या मुलाला आईचा फोन आला, तो जिन्यात गेला नाही. डेस्कवरच बसून बोलला. जरा हळू आवाजात, पण बोलला. 'लई काम हाय गं,' म्हणाला. आजूबाजूच्या सगळ्यांना ते नीट कळलं, आणि मॅनेजरसकट सगळ्यांचं त्यावर एकमतही झालं.